संक्रांतीचं बोलावणं कुणाला?



डिसेंबर संपत आला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, यंदा वाण काय लुटायचं? कुणी स्टीलच्या वाट्यांचे फोटो टाकतं, कुणी यवतमाळच्या दुकानातल्या पर्सचे भाव. चाळीस रुपयांत काय बसेल आणि साठ रुपयांत काय, यावर दोन-दोन दिवस चर्चा चालते. त्या चर्चेला माझी ना नाही, मीही त्यात असते. पण ज्या प्रश्नावर ग्रुपवर एक ओळही येत नाही, त्यावर आज लिहायचं आहे. बोलावणं कुणाकुणाला द्यायचं? ज्यांचे पती गेले त्या आपल्या घरातल्या, गल्लीतल्या, संघातल्या बायांना संक्रांतीच्या तीळगुळाला बोलवायचं की नाही? माझं मत आधीच सांगून टाकते. बोलवायचं, आणि 'तुम्हीपण या हं' असं पाठीमागून नाही, पहिल्या यादीतच बोलवायचं.

यावर पहिला आक्षेप आपल्यातल्याच काही भगिनी घेतील, की मुळात संक्रांत आपला सणच नाही. आपली हिवाळ्यातली पर्वं म्हणजे मौन एकादशी, पार्श्वनाथ प्रभूंच्या जन्मकल्याणकाची पोष दशमी, आदिनाथांच्या निर्वाणाची मेरू तेरस. त्या दिवशी तप करायचं, अट्ठम करायचा. हळदीकुंकू आणि सुगडं हे लौकिक पर्व, त्यात पडू नये. काही महासतीजी व्याख्यानात हे स्पष्ट सांगतात आणि शास्त्राच्या दृष्टीनं ते चूक नाही. ज्यांनी या कारणानं संक्रांत सोडली त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण आपल्यातल्या किती जणींनी सोडली? इथे बाभुळगावात आपली घरं पिढ्यान् पिढ्या शेजारच्या मराठी घरांच्या भिंतीला भिंत लावून राहिली. कापसाचा, धान्याचा, किराण्याचा व्यवहार त्यांच्याशी. लेकी त्यांच्या लेकींबरोबर शाळेत गेल्या. संक्रांत आपल्या घरात आली ती अशी, ओटीतून आणि वाडग्यातून. आता ती आपलीच आहे, आणि आपली म्हणून साजरी करतो तर आपल्या धर्माच्या कसाला ती लावलीच पाहिजे.

आणि तसं आपण केलंही आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. सुगडात शेजारच्या काकू गाजराचे तुकडे घालतात, आपण घालत नाही, कारण गाजर कंदमूळ. त्याऐवजी हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, उसाची कांडं, गव्हाच्या ओंब्या. भोगीची भाजी त्यांच्याकडे गाजर-वांग्याशिवाय होत नाही, आपल्याकडे दोन्ही वर्ज्य, तरी भोगी होते आणि झकास होते. बोरन्हाणात काही घरी बोरं तुच्छ फळ म्हणून टाळतात आणि मुरमुरे, बत्तासे, खारका ओततात. बाळ तितकंच खिदळतं. तिळाचंही तसंच. ज्या घरात नियम कडक आहे तिथे फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तीळ बंद असतो, म्हणून संक्रांतीचा तीळ आपल्याला जास्तच गोड लागतो असं मला वाटतं. हळदीकुंकवाची वेळसुद्धा आपण बदलली. बाकीच्या घरी दिवेलागणीला सुरू होतं. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि चौविहार करणाऱ्या बायकांना त्यानंतर तिळाचा दाणाही चालत नाही, म्हणून आपल्याकडे तीनला सुरू होऊन साडेपाचला आवरतं.

पतंगाचंही सांगायला हवं. मांजाने कापलेली कबुतरं, घारी झाडावर लटकताना आपण पाहिल्या आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली, पण आपल्यातल्या कितीतरी घरांनी त्याच्या आधीच मुलांच्या हातातून मांजा काढून घेतला होता. कुणी म्हटलं नाही की पूर्वापार पतंग उडवत आलो, आता कसे बंद करणार?

म्हणजे गाजराच्या जीवासाठी सुगड बदललं, पाखरांच्या जीवासाठी पतंग बदलला, रात्रीच्या सूक्ष्म जीवांसाठी घड्याळ बदललं. मग आत स्वयंपाकघरात बसून राहिलेल्या पंचेंद्रिय जीवासाठी काहीच कसं बदलेना?

'पूर्वापार' या शब्दाचंही जरा बघू. संक्रांत म्हणजे सूर्याचं मकर राशीत जाणं, म्हणजे १४ जानेवारी, हे आपल्याला इतकं पक्कं वाटतं की बाकी सगळे सण मागेपुढे होतात, संक्रांत हलत नाही असं आपण मुलांना सांगतो. पण तीही हलते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख आहे १२ जानेवारी १८६३. साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीनं संक्रांत पुढे सरकते आहे. अलीकडे अधूनमधून ती १५ तारखेला येते, ते यामुळेच. खरा सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरलाच होऊन जातो. आपल्या सूर्यप्रज्ञप्तीत सूर्याची १८४ मंडलं सांगितली आहेत. तो सर्वांत बाहेरच्या मंडलावर जातो तेव्हा दिवस बारा मुहूर्तांचा, सर्वांत आतल्या मंडलावर येतो तेव्हा अठरा मुहूर्तांचा. एक मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा धरला तर सर्वांत लहान दिवस नऊ तास छत्तीस मिनिटांचा होतो. आपल्याकडे तो जवळजवळ अकरा तासांचा असतो, ते गणित उत्तरेकडच्या प्रदेशाला जास्त जुळतं. (लेकीला हे समजावताना माझी गणिताची उजळणी झाली.) सांगायचं इतकंच की सूर्यसुद्धा ज्या सणाची तारीख धरून बसला नाही, त्या सणातला माणसांनी घातलेला नियम हलणारच नाही असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

आणि हा नियम तरी सगळ्यांनी कधी पाळला? पुण्यात १८५२ च्या जानेवारीत सावित्रीबाई फुल्यांनी महिला सेवा मंडळाच्या वतीनं तीळगूळ समारंभ केला होता. अध्यक्ष म्हणून कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स होत्या. बोलावण्यातच लिहिलं होतं की कुठल्याही जातीची बाई येवो, भेद न करता सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल. पावणेदोनशे वर्षं होत आली याला. तेव्हा प्रश्न जातीचा होता. जाजम एकच अंथरायचं ही कल्पना मात्र तेव्हाच, आणि तीळगुळाच्याच निमित्तानं मांडली गेली. आपण आज ज्याला नवं फॅड म्हणतो ते आपल्या पणजीच्या पणजीच्या काळातलं आहे.

आता मुळात जाऊ. हळदीकुंकवातून पती गेलेल्या बाईला वगळण्यामागचा विचार काय? की कुंकू हे पतीच्या आयुष्याचं चिन्ह, सवाष्णीनं सवाष्णीला लावलं की सौभाग्य वाढतं, आणि जिचं सौभाग्य गेलं तिची सावली पडली की ते उणं होतं. कुणी हे इतक्या उघड बोलत नाही, पण मनात हेच असतं. जैन म्हणून आपण हे मानू शकतो का? आयुष्यकर्म ज्याचं त्याचं. ते जितकं बांधलं तितकं भोगायचं. प्रभू महावीरांच्या निर्वाणाची वेळ जवळ आली तेव्हा इंद्रानं हात जोडून विनंती केली की भस्मग्रह येतो आहे, आपलं आयुष्य क्षणभर वाढवा. प्रभूंनी सांगितलं की आयुष्य वाढवणं तीर्थंकरांनाही शक्य नाही. ही कथा आपण दर पर्युषणात कल्पसूत्राच्या वाचनात, दिवाळीच्या व्याख्यानात ऐकतो आणि माना डोलावतो. जे तीर्थंकरांना शक्य नाही ते आपल्या करंड्यातल्या चिमूटभर कुंकवाला शक्य आहे? आणि जर कुंकवानं आयुष्य वाढत नसेल तर कुणा बिचारीच्या सावलीनं ते कमी तरी कसं होईल? दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येतं. ज्याला मिथ्यात्व म्हणतात ते सुगड पुजण्यात असेल तर असेल, पण ते त्याहून कितीतरी जास्त या वगळण्यात आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक करून पाहा. सकाळी आपण सोळा सतींची नावं घेतो. त्या यादीला हळदीकुंकवाचा नियम लावा. ब्राह्मी आणि सुंदरी, दोघींनी लग्न केलं नाही. राजीमतीच्या दारात वरात आली आणि वाड्यातल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमकुमार माघारी फिरले. तिला तर आपल्या गावात 'लग्न मोडलेली' म्हटलं असतं. चंदनबालेचं डोकं भादरलेलं, पायात बेड्या, उंबऱ्याच्या आत एक पाय आणि बाहेर एक, हातात सूप आणि सुपात उकडलेले उडीद. पाच महिने पंचवीस दिवस कौशांबीत घरोघर फिरून प्रभूंनी ज्या हातांनी पारणं केलं ते हे हात. त्या दिवशी नगरात सवाष्णी शेठाण्या कमी होत्या का? त्यांच्या ताटांत पक्वान्नं नव्हती का? डोळ्यांत पाणी असलेली, सगळ्यांनी टाकलेली एक मुलगी प्रभूंनी निवडली, आणि तीच पुढे छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली.

आणि मृगावती. कौशांबीच्या राजा शतानिकाची राणी. चंडप्रद्योतानं वेढा घातला, राजा गेला, मुलगा लहान, आणि ही बाई युक्तीनं शत्रूला थांबवून नगरीचा कोट बांधून घेते, राज्य राखते, मग प्रभूंच्या समवसरणात दीक्षा घेते. पुढे ते दहा आश्चर्यांतलं एक घडलं. सूर्य आणि चंद्र आपल्या मूळ विमानांसह प्रभूंच्या दर्शनाला आले. त्यांच्या तेजामुळे रात्र झाल्याचं मृगावतीला कळलंच नाही, ती समवसरणातच बसून राहिली. उशिरा परतल्यावर चंदनबाला तिला बोलल्या, तिनं उलट उत्तर न देता क्षमा मागितली, आणि त्या पश्चात्तापातच तिला केवलज्ञान झालं. आपल्या परंपरेत सूर्य ज्या सतीच्या कथेत येऊन उभा राहतो ती सती पती गेलेली बाई आहे. सूर्याच्या सणाला आपण नेमकी तिलाच आत बसवतो.

हे सगळं शास्त्रातलं झालं. घरातलं सांगते. आमच्या नात्यात एक मोठ्या काकीजी आहेत. तीळ भाजावा तर त्यांनीच. मंद आचेवर, तडतड थांबायच्या आधी कढई उतरवायची, गुळाचा पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी करून बघायचा, हे सगळं घर त्यांच्याकडून शिकलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दोन-दोनशे लाडू त्या एकट्या वळतात, हात भाजले तरी पाक गार होऊ देत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता पहिली बाई पायरी चढली की त्या माळ घेऊन मागच्या खोलीत जातात. कुणी सांगत नाही, त्यांना सांगावं लागत नाही. याच काकीजी पर्युषणात स्थानकात सगळ्यांच्या पुढे बसून प्रतिक्रमण करवतात. संवत्सरीला आपण सगळ्या रांगेनं त्यांच्या पायाशी वाकून मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. भाद्रपदात ज्यांच्या आशीर्वादानं आपलं भलं होतं, पौषात त्यांच्याच दिसण्यानं वाईट कसं होतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

'अगं पण त्याच येत नाहीत, त्यांनाच अवघडल्यासारखं होतं', हे उत्तर मला दरवर्षी मिळतं. आणि ते पूर्ण खोटं नाही. साठ-सत्तरीच्या बायकांना खरंच अवघडतं, पन्नास वर्षांची सवय आहे. पण ती सवय त्यांना लावली कुणी? आणि सगळ्या काही सत्तरीच्या नाहीत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनं किती घरांतली कर्ती माणसं नेली ते आपण पाहिलं. तेव्हा ज्यांचे पती गेले त्या आज पस्तिशी-चाळिशीत आहेत, दुकान सांभाळतात, जीएसटी भरतात, मुलांना नागपूरला शिकायला ठेवतात. त्यांच्या घरी बोलावणं जातं ते फक्त सासूबाईंच्या नावानं, सासरे हयात आहेत म्हणून. शाळेतून आलेली मुलगी विचारते, आजीला बोलावलं, आईला का नाही? या प्रश्नाला उत्तर देणं त्या आईवर सोडून आपण वाण निवडत बसतो.

आणि आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न आपल्यापुरता राहतच नाही. कापसाच्या या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती बायका एकट्या पडल्या हे देशाला माहीत आहे. ११ जानेवारी २०१९ ला, म्हणजे संक्रांतीच्या काही दिवस आधी, यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून आधी बरंच वादळ झालं, आणि मग ज्यांच्या हस्ते उद्घाटन झालं त्या होत्या वैशाली येडे, राजूर गावच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. अख्ख्या महाराष्ट्राच्या साहित्यिकांसमोर जिनं दीप लावला, तिला त्याच आठवड्यात आपल्यातल्या किती घरांच्या हळदीकुंकवाला जागा होती?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की पती गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण समोर ठेवायला सांगितलं. ठरावानं सगळं बदलत नाही हे खरं. पण एका खेड्याच्या ग्रामसभेला जे सुचलं आणि जमलं, ते आपल्या दोन-तीन डझन घरांच्या मंडळाला जमू नये? आपल्याच समाजाचं पाहा. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांची मुलगी मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला मागच्या खोलीत बसवलं नाही, शिकवलं. तिनं पुढे मुंबईत श्राविकाश्रम काढला आणि कितीतरी जणींना पायावर उभं केलं. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आपण तिच्या पुढे जायला हवं होतं, आपण मागे आलो की काय असं कधी कधी वाटतं.

मग करायचं काय, तर फार अवघड नाही. बोलावण्याच्या मेसेजमधून 'सर्व सौभाग्यवती भगिनींना' ही ओळ काढायची आणि 'सर्व भगिनींना तीळगुळाला' एवढंच लिहायचं. व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं न होता ज्यांना आजवर बोलावलं नाही त्यांच्या घरी स्वतः जायचं, कारण इतक्या वर्षांनी नुसत्या मेसेजवर कोण येईल? लग्न न झालेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, त्याही यात आल्या. आपल्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बायांना आपण पदरात चार लाडू टाकून वाटेला लावतो, त्यांनाही सतरंजीवर बसवायचं. वाणाचं म्हणाल तर प्लास्टिकचे डबे आता पुरे, प्रत्येकीच्या माळ्यावर पडलेत. पाणी गाळायचं जाड सुती गाळणं, मुखवस्त्रिका, माळ, नाहीतर सरळ पावशेर तीळ द्या. असं वाण कुणाच्याही हातात शोभतं, त्यासाठी कपाळ बघावं लागत नाही.

खरी अडचण कुंकवाच्या करंड्यापाशी येते, आणि तिथे आमच्या मंडळात अजून एकमत नाही. काही जणी म्हणतात की करंडा ठेवूच नका, सगळ्यांना चंदनाचा टिळा लावा, तो देरासरात आणि मंदिरात सगळ्याच लावतात. काही म्हणतात, कुंकू सगळ्यांना लावा, जिला नको ती मानेनं नाही म्हणेल. जुन्या बायकांचं म्हणणं, करंडा बाजूला ठेवा, जिला हवं ती स्वतः घेईल. मला दुसरं पटतं, कारण चंदनावर भागवलं तर कुंकू सवाष्णींचंच हे आपण मनातून कबूलच करतो. काकीजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला कुंकू नको, पण पाक कुणाचा बिघडला ते बाहेर बसून बघायला आवडेल. यंदा आमच्याकडे रथसप्तमीच्या आदल्या रविवारी आहे, दुपारी तीन ते साडेपाच. चौविहारवाल्यांनी आधी यावं, लाडू गरम असतील.